सोळाव्या वर्षाचा गुन्हा आणि मनाची तपासणी

आपल्यावर झालेल्या हिंसेविषयी आपण आजवर पुष्कळ लिहिले. ते लिहिणे भागच होते, आणि पुढेही लिहावे लागेल. परंतु आपल्याच वस्तीतल्या एका पोराने आपल्याच वस्तीतल्या दुसऱ्या पोराला मारले, तर त्याविषयी काय बोलायचे हे आपण अजून ठरवलेले नाही. अशा वेळी कार्यकर्ते गप्प बसतात, शिक्षक हळहळतात आणि बाकीचे म्हणतात, 'हे व्हायचंच होतं.' ह्या तिन्ही गोष्टी मी स्वतः केलेल्या आहेत. म्हणून हा लेख लिहीत आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. वडील मोंढ्यात हमाली करीत. घरात पदवी घेणारी मी पहिली. ज्या वस्तीत वाढले तेथे आई अजून राहते आणि दर रविवारी मी तिच्याकडे जाते. २०२२च्या जानेवारीत त्या वस्तीत एक खून झाला. मोबाइलच्या पैशावरून भांडण लागले, आईबहिणीवरून शिव्या झाल्या, आणि एका पोराने कमरेचा सुरा काढला. मेलेला अठराचा, मारणारा शाळेच्या दाखल्यावर सोळाचा. दोघेही माझ्या डोळ्यांपुढे वाढलेले. कायद्याने अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही आणि करूही नये, म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र बदललेला नाही.

दहाव्या दिवशी मी मेलेल्या मुलाच्या आईला भेटायला गेले. सगळ्या वस्तीत तेव्हा एकच चर्चा होती : आरोपी सोळाचा की पंधराचा. ती मला म्हणाली, "तू शिकलीस, पोरी. मग मला सांग, त्याचं वय समदे मोजायलेत, माझ्या लेकराचं वय कोन मोजनार?"

ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही पूर्ण उत्तर नाही. परंतु तो प्रश्न समोर ठेवूनच पुढचे सारे वाचावे, अशी वाचकांना विनंती आहे.

१

प्रथम कायदा काय आहे ते समजून घेऊ. १९८६च्या बाल न्याय कायद्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत 'बाल' मानली जात असे. २०००च्या कायद्याने दोघांचीही मर्यादा अठरा केली. डिसेंबर २०१२मध्ये दिल्लीत बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्काराच्या आणि खुनाच्या घटनेने देश हादरला. सहा आरोपींपैकी एक अठराच्या आतला होता आणि कायद्याप्रमाणे त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येत होते. वय खाली आणा, अशी मागणी झाली. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३च्या अहवालात ती मागणी मान्य केली नाही. तरीही लोकक्षोभाचा जोर मोठा होता. डिसेंबर २०१५मध्ये तो मुलगा सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा कायदा मंजूर केला. १५ जानेवारी २०१६पासून तो लागू आहे.

ह्या कायद्याने अठराची मर्यादा कायम ठेवली, पण तिला एक दार पाडले. मुलगा सोळा पूर्ण केलेला असेल आणि त्याच्यावरचा आरोप 'घोर' गुन्ह्याचा, म्हणजे ज्याला किमान सात वर्षे शिक्षा आहे अशा गुन्ह्याचा असेल, तर बाल न्याय मंडळाने त्याचे 'प्राथमिक मूल्यमापन' करायचे. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांत किमान एक स्त्री, असे हे मंडळ असते. त्याने तीन गोष्टी पाहायच्या. असा गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता त्या मुलात होती काय? त्याचे परिणाम समजण्याची पात्रता होती काय? आणि कोणत्या परिस्थितीत तो गुन्हा घडल्याचे सांगितले जाते?

ह्या मूल्यमापनानंतर मंडळ प्रकरण स्वतःकडे ठेवू शकते किंवा बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. तेथे मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. फरक किती पडतो, ते पाहावे. मंडळाकडे राहिला तर जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात. पुढे नोंद पुसली जाते आणि नोकरीला तो गुन्हा आड येत नाही. प्रौढ म्हणून दोषी ठरला तर एकवीसपर्यंत सुरक्षित ठिकाणी. मग तो सुधारला की नाही याची पुन्हा तपासणी, आणि तसे न वाटल्यास तुरुंग. फाशी देता येत नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. पण शिक्षेचा डाग आयुष्यभर राहतो. एका अहवालावर एवढे अवलंबून असते.

२

आता वयाचे पाहू. कायदा म्हणतो, आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला. तो नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तर हाडांची वैद्यकीय तपासणी. हे वाचून शहरातल्या माणसाला सारे चोख वाटेल. आपल्याला मात्र ठाऊक आहे की आपल्या निम्म्या वर्गाचा जन्म १ जूनचा असतो. माझाही आहे. शाळा जूनमध्ये उघडते, गुरुजी पोराच्या उंचीकडे पाहतात, सहाचे वय बसेल असा आकडा धरतात आणि १ जून लिहितात.

ह्या मुलाच्या दाखल्यावर १ जून २००५ आहे. त्याची आई सांगते की तिच्या मागे पोर सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून तिने त्याला मोठ्या बहिणीबरोबर शाळेत पाठवले आणि गुरुजींनी वय वाढवून पहिलीत घेतले. तिची कालगणना वेगळी आहे. खैरलांजीचा मोर्चा निघाला तेव्हा तो तीन महिन्यांचा होता, त्याला कडेवर घेऊन ती मोर्चात चालली होती. खैरलांजीचे हत्याकांड सप्टेंबर २००६चे, मोर्चे नोव्हेंबरमध्ये. त्या हिशेबाने घटनेच्या दिवशी पोर साडेपंधरा वर्षांचेही नव्हते, आणि सोळाच्या आतल्या मुलाचे हे मूल्यमापन करताच येत नाही. दाखल्याच्या हिशेबाने तो सोळा वर्षे सात महिन्यांचा ठरला. दाखला जिंकला. आईच्या आठवणीला शिक्का नसतो.

मी त्या गुरुजींना दोष देत नाही. त्यांनी पोर शाळेत घेतले हे उपकारच झाले. परंतु आपल्यातले जे शिक्षक आज प्रवेशाच्या नोंदी करतात, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की ती तारीख केवळ नोंदवहीची नसते.

३

पहिल्या मूल्यमापनाचा अहवाल एका पानाचा होता. मुलाच्या आईच्या संमतीने वकिलांनी तो मला समजावून सांगण्यासाठी दाखवला. तपासणी एकदाच, पाऊण तास झाली होती. बुद्धिमापनाची एक कसोटी, आणि चार प्रश्न. खून करणे वाईट आहे हे तुला माहीत आहे का? हो. खून केल्यावर पोलिस पकडतात हे माहीत आहे का? हो. मग निष्कर्ष : बालकाची मानसिक क्षमता पुरेशी असून त्यास परिणामांची जाण आहे. खाली एक वाक्य : घरचे वातावरण गुन्हेगारीस पोषक.

हा अहवाल चूक का, हे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तसे अहवाल पुढेही येत राहतील.

पहिली गोष्ट. खून वाईट हे सात वर्षांच्या पोरालाही माहीत असते. प्रश्न माहितीचा नाही. माहीत असलेली गोष्ट रागाच्या, भीतीच्या, चारचौघांत अपमान झाल्याच्या क्षणी वापरता येते की नाही, हा प्रश्न आहे. अमेरिकेतील लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर दीर्घकाळ काम केले. शांत बसून विचार करायला सांगितले तर सोळा वर्षांचा मुलगा जवळजवळ प्रौढासारखाच विचार करतो. पण आवेग आवरणे, पुढचा विचार करणे आणि सोबत्यांच्या दबावाला तोंड देणे, ही शक्ती पिकायला पंचविशीच्या आसपास पोचावे लागते. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात मोटार चालवण्याचा खेळ होता. एकटे असताना किशोरांनी प्रौढांपेक्षा फार जास्त धोका पत्करला नाही. मित्र बघत असताना मात्र त्यांचा धोका पत्करणे पुष्कळ वाढले. प्रौढांचे तसे वाढले नाही. आमच्या मुलाच्या भोवती त्या संध्याकाळी नऊ पोरे उभी होती. तपासणीच्या खोलीत तो एकटा होता, समोर टेबल होते आणि पाण्याचा ग्लास. त्या दोन मनांना एक समजून अहवाल लिहिला गेला.

येथे एक सावधगिरीही हवी. मेंदूचे शास्त्र सरासरी सांगते. अमक्या मुलाने अमक्या क्षणी स्वतःला आवरायला हवे होते की नाही, हे सांगणारे कोणतेही यंत्र नाही. म्हणून 'मेंदू कच्चा होता, सोडून द्या' असे म्हणणाराही तितकाच चुकतो.

दुसरी गोष्ट, कसोटीची. बिने-कामत ही कसोटी आपल्याकडे अजून वापरली जाते. कामत यांनी १९३०च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी ती मोठ्या कष्टाने बेतली. त्यांचे काम आदराचेच आहे. पण तेव्हाची शाळेतली मुले कोण होती? त्या मुलांच्या मापाने आज वीटभट्टीवरून आलेल्या, सातवीत शाळा सुटलेल्या पोराचे मन मोजायचे, तर आकडा काय येणार आणि त्याचा अर्थ काय लावायचा, हे तरी अहवालात लिहायला हवे. शिवाय बुद्ध्यंक हे कायद्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरच नव्हे.

तिसरी गोष्ट, सर्वात महत्त्वाची. हे मूल्यमापन म्हणजे खटला नव्हे, असे कायदाच सांगतो. मुलाने गुन्हा केला हे अजून सिद्ध व्हायचे असते. मानसतज्ज्ञाने 'तू का मारलेस' असे विचारले आणि पोराने सांगितले, तर उपचाराच्या नावाने घेतलेला तो कबुलीजबाबच ठरतो. मुलाला प्रथम स्पष्ट सांगितले पाहिजे : 'मी तुझा डॉक्टर म्हणून आलेली नाही. तू जे सांगशील त्यातले काही मंडळाला कळणार आहे. सांगायचे नसेल तर सांगू नकोस.' मन उघडून घेणारा आणि मन तोलणारा हे दोन वेगळे माणूस असावे लागतात. आपल्या वर्गातही मी हे विद्यार्थ्यांना सांगते, तेव्हा त्यांना ते औपचारिक वाटते. १९८९मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील बलात्काराच्या प्रकरणात चौदा ते सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांनी पोलिसांपुढे तासन्‌तासांच्या चौकशीनंतर न केलेल्या गुन्ह्याची कबुली दिली. त्यांची शिक्षा २००२मध्ये रद्द झाली, कारण खरा गुन्हेगार सापडला होता. घाबरलेले पोर समोरच्याला हवे ते बोलते.

४

हे शास्त्र आले कोठून, तेही पाहू. १८९९मध्ये शिकागोत मुलांसाठीचे पहिले न्यायालय निघाले. त्या न्यायालयाच्या मदतीसाठी १९०९मध्ये विल्यम हीली ह्या वैद्याने तेथे एक संस्था उभारली. गुन्हा करणाऱ्या मुलाला एकेकटे तपासायचे, त्याचे घर, शाळा, आजार, सोबती सारे पाहायचे, ही त्यांची पद्धत. मुलांच्या गुन्ह्यांमागे एकच एक कारण सापडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष त्या काळी फार धाडसाचा होता. कारण तेव्हा इटलीच्या लोंब्रोसोचा 'जन्मजात गुन्हेगार' हा सिद्धांत जोरात होता.

त्याच काळात आपल्याकडे काय होते? १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा होता. तेथे मूल जन्मताच तपासणी पूर्ण झालेली असे. १८९७च्या दुरुस्तीने तर ह्या जमातींची लहान मुले आईबापांपासून तोडून सुधारवसाहतीत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. सोलापूरच्या सेटलमेंटची तार अजून अनेकांच्या आठवणीत आहे. तो कायदा १९५२मध्ये गेला. पण 'घरचे वातावरण गुन्हेगारीस पोषक' ह्या एका वाक्यात तो अजून शिल्लक आहे, असे मला तो अहवाल वाचताना वाटले. त्या घराला अहवाल लिहिणाऱ्याने कधी पाहिलेही नव्हते. मुलाचे वडील दारू पीत, हे खरे. आई पहाटे चारला उठून मंडईत झाडू मारी आणि तिने कधी कोणाचा रुपया बुडवला नाही, हेही तितकेच खरे. पहिले वाक्य अहवालात आले, दुसरे आले नाही.

अमेरिकेतही असेच झाले. १९९५मध्ये जॉन डायलुलिओ ह्या प्राध्यापकाने भाकीत केले की विवेक नसलेल्या, हिंस्र अशा मुलांची एक लाट येत आहे. त्यांचे बोट मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांकडे होते. राज्याराज्यांतून कायदे कडक झाले, हजारो मुले प्रौढांच्या न्यायालयात गेली. लाट आलीच नाही. उलट किशोरांची हिंसा त्या सुमारास उतरणीला लागली होती. पुढे त्यांनी स्वतःच आपले भाकीत चुकल्याचे मान्य केले. तोपर्यंत किती पोरांचे आयुष्य गेले ते गेलेच.

हिंसा केलेला मुलगा पुढे हिंसाच करणार, हेही संशोधनाने टिकत नाही. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स भागातील गंभीर गुन्हे केलेल्या १,३५४ मुलांच्या मागावर संशोधक सात वर्षे राहिले. त्यातल्या बहुतेकांचे गुन्हे वयाबरोबर घटत गेले. फार थोडे त्या वाटेवर टिकून राहिले. आपल्याकडचा आकडाही पाहावा. २०२२मध्ये देशभरात अल्पवयीन मुलांविरुद्ध ३०,५५५ गुन्हे नोंदले गेले. एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांहून अधिक होते. म्हणजे शंभरात एकही नाही. वर्तमानपत्र वाचून मात्र पोरे माजली आहेत असेच वाटते.

५

येथे कोणी म्हणेल, परिस्थितीच सारे करते असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? तसे मी म्हणत नाही. त्याच वस्तीत, त्याच गरिबीत, तसल्याच दारुड्या बापांच्या घरी वाढलेली शेकडो पोरे कमरेला सुरा लावीत नाहीत. परिस्थितीनेच खून होतो असे म्हटले, तर त्या साऱ्या पोरांचा आणि त्यांच्या आयांचा आपण अपमान करतो. शिवाय तेच वाक्य उलटून आपल्यावर येते : ह्यांची वस्तीच तसली.

चांगले मूल्यमापन ह्या दोन्ही टोकांमधून वाट काढते. दुसरे मूल्यमापन तसे झाले. जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की मंडळात बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी असलेली व्यक्ती नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे बंधनकारक आहे. आणि गुन्हा करण्याची क्षमता व परिणाम समजण्याची पात्रता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विधिसेवेच्या वकिलांनी तो निर्णय मंडळापुढे ठेवला. मूल्यमापनाला कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे. येथे नऊ महिने लागले. पण लागले ते बरे झाले.

नव्या मानसतज्ज्ञ बाई चार वेळा आल्या. पहिल्या दिवशी त्यांनी गुन्ह्याविषयी काहीच विचारले नाही. त्या घरी गेल्या, शाळेत गेल्या, बहिणीशी बोलल्या. त्यांना कळले ते असे. घटनेच्या आठ दिवस आधी चौघांनी ह्या मुलाला नाल्याकाठी मारले होते, त्याच्या कपाळाला टाके पडले होते. तेव्हापासून तो रात्री झोपत नसे, दार वाजले की दचके. बाप आईला मारी तेव्हा तो लहानपणापासून मध्ये पडे. सतत मार पाहिलेल्या पोराला दुसऱ्याच्या साध्या हालचालीतही हल्ला दिसू लागतो. केनेथ डॉज ह्या मानसशास्त्रज्ञाने १९८०पासून हे दाखवून दिलेले आहे. दुसऱ्या बाजूला, त्याने सुरा आठ दिवस जवळ बाळगला, आणि तो कशासाठी हे त्याला कळत होते, हेही बाईंनी लपवले नाही. बहिणीवर जीव, गवंड्याच्या हाताखाली सहा महिने केलेले नियमित काम, शाळेतल्या एका शिक्षकांविषयी वाटणारा आदर, ह्या जमेच्या बाजूही त्यांनी मांडल्या. 'समाजविघातक व्यक्तिमत्त्व' असा शिक्का त्यांनी मारला नाही. अठराच्या आत ते निदान करूच नये, असा मानसोपचाराचाही नियम आहे.

हा अहवाल अकरा पानांचा होता. मंडळाने प्रकरण स्वतःकडे ठेवले. चौकशी होऊन मुलगा दोषी ठरला आणि विशेष गृहात गेला.

मे २०२४मध्ये पुण्यात एका सतरा वर्षांच्या, श्रीमंत घरच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले. पंधरा तासांत त्याला जामीन मिळाला आणि रस्ता सुरक्षेवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितले गेले. रक्ताचे नमुने बदलल्याचे आरोप झाले. सारा महाराष्ट्र संतापला, मीही संतापले. त्याला प्रौढ समजा, ही मागणी झाली. जुलै २०२५मध्ये बाल न्याय मंडळाने ती फेटाळली. माझे अनेक मित्र तेव्हा म्हणाले, पाहा, पैसेवाल्यांचा कायदा. मला ते अर्धेच पटते. सतरा वर्षांचे पोर म्हणून त्याला जे मिळाले, त्यातले जे कायद्याने योग्य ते काढून घ्या असे मी म्हणणार नाही. जामीन हा नियम आहे, नकार हा अपवाद. तो आपल्या पोरांनाही त्याच घाईने मिळाला पाहिजे. आमच्या मुलाच्या आईला जामिनाचा अर्ज करता येतो हेच सहा आठवडे कोणी सांगितले नव्हते. कायद्याची दया श्रीमंताकडून हिसकावून आपल्याला काही मिळत नाही. ती आपल्यापर्यंत खेचून आणावी लागते.

६

तपासणीनंतर काय, हा प्रश्न उरतोच. कोंडून ठेवल्याने वय वाढते, रागाचे काय करायचे ते कळत नाही. शिकागोच्या शाळांत गरीब वस्त्यांतील मुलांबरोबर चालणाऱ्या एका उपक्रमातला खेळ मी वाचला आणि आमच्या वर्गात करून पाहिला. दोघांची जोडी करायची. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याला सांगायचे, तीस सेकंदांत तो मिळव. मुले बोटे पिरगाळतात, ढकलतात, हसत हसत हातघाईवर येतात. आमच्या वर्गात चौदा जोड्यांपैकी एकानेही 'दे ना जरा' असे म्हटले नाही. विचारले तेव्हा एकजण म्हणाला, "मॅडम, मागितल्यावर कोण देतं?" ह्या उत्तराचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला नको. शिकागोत अशा बैठकांचा अभ्यास झाला, तेव्हा उपक्रम चालू असेपर्यंत हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका जवळजवळ निम्म्यावर आल्या. उपक्रम संपल्यावर तो परिणाम तसाच टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे एका शिबिराने भागत नाही. कोणीतरी सातत्याने सोबत राहावे लागते.

आपण काय करू शकतो, ते थोडक्यात सांगते. कार्यकर्त्यांनी अशा मुलाकडे पहिल्या चोवीस तासांत पोचावे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, चोवीस तासांच्या आत मंडळापुढे आणावे लागते. परिवीक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. तो लिहिणाऱ्याला घर दाखवा, चार चांगली माणसे भेटवा. शिक्षकांनी 'तो वाह्यातच होता' एवढे सांगून सुटका करून घेऊ नये. काय पाहिले ते सांगावे. आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे काम धरावे. मुंबई-पुण्याच्या खाजगी दवाखान्यांपेक्षा येथे आपली गरज जास्त आहे. पोराची बोली कळणारा माणूस त्या खोलीत असणे, यानेही पुष्कळ फरक पडतो.

मुलगा गेल्या वर्षी सुटला. वस्तीत परतला नाही; दुसऱ्या जिल्ह्यात फॅब्रिकेशनच्या दुकानात कामाला आहे. मेलेल्या मुलाची आई मला अजून 'त्याच्या बाजूची' म्हणते. तिचे बरोबर आहे. तिच्याकडे चार वर्षांत कोणी मानसतज्ज्ञ गेला नाही, कोणी चार वेळा जाऊन बसले नाही. कायद्याच्या एवढ्या यंत्रणेत तिच्यासाठी खुर्ची नव्हती, आणि मीही अहवाल समजून घेण्यात गुंतले होते. आपल्या चळवळीने ह्या प्रश्नाकडे पाहायचे असेल तर दोन्ही घरी जावे लागेल, हे मी उशिरा शिकले.

तिचा धाकटा मुलगा भावाच्या वेळी अकराचा होता. आता पंधराचा आहे. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी तिने त्याला हाताला धरून माझ्या आईच्या घरी आणले. तो खाली पाहत उभा होता. ती म्हणाली, "ह्याच्या उशाखाली मला परवा काय सापडलं ते इचारू नको. ह्याला तुझ्यापाशी बसव." तेव्हापासून तो दर रविवारी येतो. दहावीचे गणित घेऊन येतो, बोलत फारसा नाही. सोळावे लागायला त्याला अजून पाच महिने आहेत.